साहेबाची डिक्शनरी: मोल्सवर्थच्या एका प्रतीचा उतारा

बेळगावला लागून असलेल्या शहापुरातलं एक जुनं घर पाडून तिथं अपार्टमेंट होणार होतं. माळ्यावरची ट्रंक खाली आली. तिच्यात पंचांगं, लग्नाच्या याद्या, एक फुटकी समई आणि तळाशी चार बोटं जाड, चामडी पाठीचं एक पुस्तक होतं. घरातला नातू उद्यमबागेत नोकरी करतो. त्याच्या आईला मी कॉलेजच्या ग्रंथालयात असल्यापासून ओळखते, म्हणून तो पुस्तक पिशवीत घालून थेट माझ्याकडे आला.

"बाई, ही साहेबानं आमच्या पणजोबांना दिलेली डिक्शनरी. मुंबईचा एक माणूस विकत मागतोय. साहेब कोण ते कळलं तर जास्त देतो म्हणतोय. बघा की जरा."

किंमत सांगणं माझं काम नव्हे, हे मी त्याला आधीच सांगितलं. मालक कोणकोण होते ते शोधून देते, आणि जे निघेल ते निघेल, तुझ्या सोयीचं असो वा नसो. तो हो म्हणाला. पुढं जे निघालं ते त्याच्या सोयीचं नव्हतं. घरच्यांच्या सांगण्यावरून इथं कुणाचंही नाव देत नाही, आणि ज्या वाचनालयाचा संबंध आला त्याचंही नाही.

पुस्तक कोणतं, हा पहिला प्रश्न. मुखपृष्ठाचं पान नव्हतं. पण मराठी शब्द, पुढं इंग्रजी अर्थ, दोन रकान्यांत बारीक छपाई आणि सुरुवातीला मराठी भाषेच्या घटकांवर जॉन विल्सन यांचं टिपण, एवढ्यावरून शंका उरली नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. विल्सन यांचं टिपण दुसरीतच आहे. सरकारसाठी मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापलेली ही दुसरी आवृत्ती सुमारे ६०,००० शब्दांची. मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेतल्या, साधारण १८६७ पर्यंतच्या पुस्तकांना आपल्याकडे 'दोलामुद्रित' म्हणतात; दोला म्हणजे पाळणा. तेव्हा ही प्रत पाळण्यातलीच, पाळण्याच्या अगदी शेवटच्या दिवसांतली. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनानं १९७५ मध्ये याच आवृत्तीचं पुनर्मुद्रण काढलं. ते माझ्याकडे आहे. दोन्ही शेजारी ठेवून पानन्‌पान ताडलं. मुखपृष्ठ आणि प्रस्तावनेचा काही भाग गेलेला, शेवटची दोन पानं गेलेली, बाकी सगळं जागेवर.

जाता जाता एक सांगते. या अवाढव्य कोशाचा संक्षेप १८६३ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिणाऱ्या बाबा पदमनजींनी केला, आणि बाबा पदमनजी जन्मानं बेळगावचे. इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले. म्हणून बेळगावात मोल्सवर्थची जुनी प्रत दिसली की कुणीतरी हमखास म्हणतं, "पदमनजींची तर नव्हे?" आजवर अशा चार प्रती माझ्या हाताखालून गेल्या. एकीवरही तसा काडीचा पुरावा नव्हता. मोठं नाव चिकटवायची हौस ही या कामातली पहिली कीड, कसरीपेक्षा वाईट.

मालक शोधायचे म्हटलं की लोक पहिलं कोरं पान उघडतात आणि नाव शोधतात. मी आधी बांधणी बघते. या प्रतीची बांधणी मूळची नव्हती. पाठीचं चामडं सुटलेलं होतं आणि आत पुठ्ठ्याला बळकटी म्हणून चिकटवलेले मोडीतले हिशेबाचे कागद दिसत होते. काही उसकटायची गरज पडली नाही, फटीतून मोबाइलचा उजेड टाकून फोटो घेतले. सूत, रेशीम, कुणाकडून किती येणं, असा मजकूर. शहापूरच्या साड्यांचा धंदा ठाऊक असणाऱ्याला नवल वाटू नये. एका कागदाच्या डोक्यावर फसली सन १२८७ होतं. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १८७७-७८, दुष्काळाचं साल. १८७६ ते ७८ या दुष्काळात हा सगळा मुलूख होरपळला होता, आणि त्या हिशेबातही येणं बाकीच्या ओळी फार आणि जमेच्या थोड्या.

याचा अर्थ पुस्तक १८७७ मध्ये बांधलं असा मात्र नाही. हिशेबाचा कागद रद्दी व्हायला काही वर्षं जातात. एवढंच म्हणता येतं की बांधणी त्याच्या आधीची असू शकत नाही. पण हे 'आधी नाही' फार उपयोगी पडलं, कारण बांधणाऱ्यानं कडा कापल्या होत्या. समासातल्या काही टिपांची शेवटची अक्षरं त्या कापणीत गेली होती आणि काही टिपा शाबूत होत्या. ज्या कापल्या गेल्या त्या बांधणीच्या आधीच्या. ज्या नव्या समासात नीट बसवून लिहिल्यात त्या नंतरच्या. एकाच पुस्तकातल्या दोन माणसांना असं कात्रीनं वेगळं करून दिलं.

पहिला माणूस बोरूनं लिहिणारा. शाई काजळाची, अजून काळीभोर. ही शाई उडत नाही, फक्त पाण्यानं पुसली जाते. लिपी मोडी. आणि टिपा काय, तर पाभर या शब्दापुढं कूरिगे, कुळवापुढं कुंटे, अडकित्त्यापुढं अडकोत्तु, विळीपुढं ईळिगे, तुपापुढं तुप्प. मराठी शब्दांचे कानडी प्रतिशब्द, मोडीत. इंग्रजी अर्थाकडं या माणसाचं लक्ष कमीच होतं. रोज दोन भाषांत वावरणारा, शेताशी आणि घराशी संबंध असलेला, बहुधा कुळकर्णाचं किंवा कारकुनीचं काम करणारा कुणीतरी. आजही इथला मराठी शेतकरी पेरणीच्या अवजाराला कुरी म्हणतो, त्यामुळं पाभरीपुढचा शब्द बघून मला हसूच आलं. मोल्सवर्थच्या पंडितांना तो पुण्याकडचा शब्द कळला, शहापूरच्या माणसानं आपला लिहून ठेवला.

दुसरा माणूस टाकानं लिहिणारा, अक्षर बाळबोध, शाई लोहाची. ती आता तपकिरी झालीय आणि दोनतीन ठिकाणी कागद खाऊन पलीकडे उतरलीय. त्यानं खुणा केल्यात त्या गहाण, कबजा, फारकत, वहिवाट अशा शब्दांवर. वकील असणार, असं मी त्याच रात्री वहीत लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

तिसरा हात शिसपेन्सिलीचा, मराठी. चौथा हातही शिसपेन्सिलीचाच, पण तो काळाच्या हिशेबात पहिला: शब्दांपुढं बारीक बरोबरच्या खुणा आणि क्वचित एखादा इंग्रजी शब्द, तोही कडेला कापलेला. खुणा 'क'च्या मध्यापर्यंत नेटानं केलेल्या, मग थांबलेल्या. मुंबई इलाख्यातल्या मुलकी आणि लष्करी गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषेची परीक्षा द्यावी लागे, आणि मराठीसाठी या कोशाला पर्याय नव्हता. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती आला तेव्हापासून बेळगावात लष्कर होतं. 'क'पर्यंत जाऊन थांबलेला साहेब पास झाला की बदलून गेला, देव जाणे. पण साहेब होता खरा. नातवाला फोनवर एवढं सांगितलं तर तो खूश. "मग पणजोबांना त्यानंच दिली असणार!" मी म्हटलं, थांब जरा.

आता शिक्का. गावोगावच्या वाचनालयांची रीत ठाऊक असेल तर शिक्का शोधायला वेळ लागत नाही. मुखपृष्ठावर एक, शेवटच्या पानावर एक आणि मध्ये ठरलेल्या एका गुप्त पानावर एक. इथं पहिलं आणि शेवटचं पान नाही, तेव्हा मी गुप्त पान शोधत बसले. पान ५१ वर जांभळा लंबगोल शिक्का सापडला. फार पुसट. वरच्या ओळीत 'वाचनालय' वाचता येत होतं, खालच्या ओळीत गावाच्या नावाची शेपटी तेवढी, काना आणि 'पूर'. शेजारी टाकानं लिहिलेलं 'दा. नं. ४१२', म्हणजे दाखल नंबर. जांभळा रंग महत्त्वाचा. हे अॅनिलिनचे रंग १८५६ नंतरचे, आणि रबरी शिक्क्याबरोबर ते आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि संस्थांत रुळले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. म्हणजे साहेबाशी या शिक्क्याचा संबंध नाही.

इथं मी चुकले, आणि चूक पुरते दोन महिने खाऊन गेली. '…ापूर' म्हणजे खानापूर, असं मी धरून चालले. तिथल्या जुन्या मंडळींना विचारलं, दोन कपाटं उपसली, एका माळ्यावर चढून शिंक-शिंक शिंकले. ४१२ नंबरला तिथं निघाला एक कीर्तनाचा संग्रह. घरी येऊन चहा पिताना ध्यानात आलं की माणसं शहापुरातली, घर शहापुरातलं, हिशेबाचा कागद शहापूरचा, आणि काना शहापुरातही आहे! इतकं उघड्यावरचं कसं दिसलं नाही, याचं उत्तर असं की शहापुरातल्या जुन्या संस्था मला ठाऊक आहेत अशी माझी घमेंड होती आणि त्यांच्यात हा शिक्का नव्हता.

शहापुरावर शिक्कामोर्तब झालं ते दुसऱ्याच पुराव्यानं. प्रस्तावनेच्या उरलेल्या शेवटच्या पानाच्या मागं, अगदी तळाला, बोरूनं लिहिलेला मोडी मजकूर होता. त्यावर कुंकवाचे डाग असल्यानं आणि कागद दुमडला गेल्यानं पहिल्यांदा मी त्याकडं दुर्लक्ष केलं होतं. उजेड तिरका पाडून फोटो काढले आणि चार दिवस घोळवून वाचन लावलं ते असं:

"शके १७८६ रक्ताक्षी नाम संवत्सरे आश्विन शु॥ १० ते दिवशी पूजेस लाविले। क्यांपांत साहेबाचे लिलावांत घेतले। मालक … वस्ती का॥ शहापूर इलाखे सांगली."

सालातला तिसरा आकडा ८ की ९, यावर अडले होते. मोडीत लिहिणाऱ्याचा हात वळला की दोन्ही सारखेच दिसतात. पण त्यानं संवत्सराचं नाव लिहून माझ्यावर उपकार केले. शके १७८६ ला रक्ताक्षी येतं, १७९६ ला भाव. म्हणजे १७८६ च, ऑक्टोबर १८६४ चा दसरा. अशा ठिकाणी पंचांगाचा कोष्टक हाताशी असावा, अक्षराच्या वळणावर पैज लावू नये.

'का॥' म्हणजे कसबे. आणि 'इलाखे सांगली' हे दोन शब्द आजच्या माणसाला खटकतील, कारण शहापूर बेळगावाला इतकं चिकटलेलं आहे की कुठं एक संपतं आणि कुठं दुसरं सुरू होतं ते रिक्षावाल्यालाही सांगता यायचं नाही. पण १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली तोवर शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं होतं आणि बेळगाव इंग्रजांचं. गल्ली ओलांडली की राज्य बदलायचं. शहापूरच्या जुन्या माणसाचा, जमिनीचा किंवा संस्थेचा माग बेळगावच्या सरकारी कागदांत काढायला जाणारा हात हलवत परत येतो तो यामुळंच. मी नेमकी तीच चूक वाचनालयाच्या बाबतीत केली होती. मला ठाऊक असलेल्या याद्या ब्रिटिश जिल्ह्याच्या होत्या.

आणि तो लिलाव! बदली झालेला, रजेवर विलायतेला निघालेला किंवा मेलेला साहेब असला की त्याचं सामान छावणीत लिलावात निघे. टेबलं, खुर्च्या, घोड्याचं खोगीर, पुस्तकं. शहापूरच्या कारकुनानं तिथं जाऊन कोश घेतला आणि दसऱ्याला सरस्वतीपुढं मांडून कुंकू वाहिलं. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून छापील पोथी सोवळ्यात चालत नव्हती, तो काळ फार मागं गेला नव्हता. मुंबईचे गणपत कृष्णाजी छापण्याच्या शाईत तूप घालत असं सांगतात ते याच धास्तीपोटी. त्यात हे तर साहेबानं वापरलेलं, साहेबाच्या भाषेतलं पुस्तक. तरी पूजेला लागलं. मला हा कारकून फार आवडला, हे लपवून ठेवत नाही.

पण मालकाचं आडनाव नातवाच्या घरचं नव्हतं.

त्याला घरी बोलावून दाखवलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे साहेबाची गोष्ट खोटी?" खोटी नव्हेच. साहेब खरा, कॅम्प खरा, डिक्शनरी त्याच्याकडून आली हेही खरं. गोष्ट दुसऱ्या घराण्याची होती, एवढंच. पुस्तक हातोहात जाताना त्याच्याबरोबर 'ही साहेबाची बरं का' हे वाक्यही गेलं, आणि नव्या घरात त्या वाक्याला पणजोबा चिकटले. लिलावाचं दान झालं. मी याआधीही दोनदा हे पाहिलंय. एका घरात पेशव्यांनी दिलेली म्हणून पूजेत असलेली पोथी निघाली ती लिथोवर, म्हणजे शिळाछापावर, छापलेली, पेशवाई गेल्यानंतरची. म्हणून मी घरचं सांगणं कधी झिडकारत नाही. ते जपून ठेवते आणि ते मुळात कुणाचं, एवढं शोधते.

१८६४ च्या कारकुनाचा आणि टाकानं लिहिणाऱ्या वकिलाचा संबंध काय? हा सांधा नाशिकला जुळला. भाचीच्या लग्नाला गेले होते. रामकुंडाजवळ बेळगाव-शहापूर भागाचे तीर्थोपाध्ये कोण ते विचारत गेले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते. आलेला माणूस बाप, आजा, भाऊ, मुलं यांची नावं लिहून खाली सही करतो, पुष्कळदा स्वतःच्या हातानं. सरकारी कागदांत माणूस सापडला नाही तरी इथं सापडतो, कारण कराला टाळणारा माणूस अस्थी घेऊन मात्र येतोच. गुरुजींनी अर्ध्या तासात पान काढून दिलं. मोबाइलवरचा फोटो शेजारी धरला. शहापूर लिहिताना 'र'ची शेपटी डावीकडं खेचायची तीच लकब. खाली पुढच्या एका यात्रेची नोंद त्या कारकुनाच्या नातवाच्या हातची, बाळबोध, आणि नावापुढं 'वकील'. माझ्या वहीतलं प्रश्नचिन्ह मी तिथंच खोडलं. दक्षिणा ठेवली आणि लग्नाच्या जेवणाला उशिरा पोचले, त्याबद्दल अजून ऐकून घेते.

वाचनालय उरलं होतं. शहापुरातलं ते वाचनालय केव्हाच बंद पडलेलं. इमारत गेली, पुस्तकं दुसऱ्या एका संस्थेकडं गेली, नोंदवह्या मात्र विश्वस्तांपैकी एकांच्या घरी कपाटात राहिल्या. काका नव्वदीच्या घरातले, कान गेलेले, डोळे लख्ख. दाखल नोंदवही त्यांनी स्वतः झटकून पुढं ठेवली. ४१२: 'मोलस्वर्थ डिक्शनरी, मोठी. पहिलें पान नाहीं.' साल १९११. कोणाकडून या रकान्यात त्याच वकिलांचं नाव आणि 'देणगी'. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात वेगळ्या शाईत: 'सन १९३४ चे तपासणींत आढळलें नाहीं.'

नातू सोबत होता. त्यानं ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

पणजोबा शहापुरातच शाळामास्तर होते. ट्रंकेत त्यांची जमाखर्चाची वही होती, आणि पुस्तकातला शिसपेन्सिलीचा तिसरा हात त्यांचाच, यात मला शंका नाही. अनुस्वार टिंबाऐवजी बारीक वर्तुळासारखा काढायची सवय दोन्हीकडं आहे. त्यांनी कोशातून समानार्थी शब्द काढून समासात मांडलेत, मुलांना निबंधासाठी देतात तसे. तेव्हा पुस्तक वाचनालयातून मास्तरांकडं गेलं आणि परत गेलं नाही.

नातवाचा पुढचा प्रश्न त्याच्या तोंडून बाहेर पडेना, म्हणून मीच विचारला. चोरलं का? मुखपृष्ठ फाडलेलं, शिक्का खरवडलेला, म्हणजे खूण पुसायचा डाव, असं कुणीही म्हणेल. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण नोंदवही स्वतःच सांगते की १९११ मध्ये दाखल होतानाच पहिलं पान नव्हतं. बांधणीही तेच सांगते: बांधणाऱ्यानं नवा कोरा कागद थेट प्रस्तावनेच्या पानाच्या आतल्या कडेला चिकटवलाय, फाटलेल्या पानाचं बोटभर खोड त्याच्याखाली दबलंय. पान बांधणीच्याही आधी गेलं होतं. शिक्क्याचं म्हणाल तर तो खरवडलेला नाहीच. खरवडल्यावर कागदाची लव उठते, तिरक्या उजेडात दिसते. इथं कागद गुळगुळीत. ओळखीच्या साडीच्या दुकानातून खोट्या नोटा तपासायचा निळा दिवा उसना आणला आणि त्याखाली पान धरलं, तर शिक्क्याभोवती पाण्याच्या डागाची कडा स्वच्छ उमटली आणि त्या कडेच्या आत रंग पसरलेला. शहापूरचा पाऊस आणि गळका माळा, दुसरं कुणी नाही. जांभळी शाई पाण्याला तग धरत नाही. शिवाय ज्याला लपवायचंय तो माणूस सगळ्या पुस्तकभर आपल्या अक्षरात टिपा लिहीत बसेल का?

मास्तरांनी नेलं, वापरलं, ठेवलं. परत मागायला कुणी आलं का, ते सांगणारी देवघेवीची वही उरलेली नाही. मधल्या पानांत कालनिर्णयचं एक पान खूण म्हणून घातलेलं सापडलं, म्हणजे १९७३ नंतरही घरात कुणीतरी हा कोश उघडत होतं. नातवाच्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, "मीच की! शब्दकोडं सोडवायला घेत होते."

आपल्याकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या, जमिनीच्या उताऱ्यात नऊ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव असतं आणि बारा नंबरच्या रकान्यात कसणाऱ्याचं. मी नातवाला प्रतीचा उतारा तसाच करून दिला. मालक: नाव न कळलेला साहेब, १८५७ ते ६४ च्या दरम्यान. मग लिलावातून कारकून, १८६४. त्यांच्याकडून वारसानं वकील नातू. बांधणी १८७७ नंतर, बहुधा वकिलांच्याच काळात, पण हे 'बहुधा' मी तसंच ठेवलं. १९११ पासून वाचनालय. बारा नंबरला: मास्तर आणि त्यांचे वंशज, १९३४ च्या आधी कधीतरी पासून आजवर. हे आम्लरहित कागदावर शिसपेन्सिलीनं लिहून पुस्तकात सुटं ठेवलं. पुस्तकावर माझं काही लिहिलं नाही, सेलोटेप लावला नाही, पाठ चिकटवायचीही घाई करू दिली नाही. ती फट बुजली तर हिशेबाचे कागद पुन्हा दिसायचे नाहीत.

मुंबईच्या माणसाला त्यानं स्वतःच 'नाही' म्हणून कळवलं. आजींचं म्हणणं सरळ होतं: "दुसऱ्याचं आहे, नेऊन द्या." पण द्यायचं कुणाला? वाचनालय नाही. पुस्तकं ज्या संस्थेकडं गेली तिथं मी जाऊन आले. भिंतीला ओल आहे आणि मोल्सवर्थचं १९७५ चं पुनर्मुद्रण त्यांच्याकडं आहेच. घ्यायला ते तयार होते, ठेवणार कुठं ते मात्र सांगता येईना. माझं मत मी लपवलं नाही. ओल्या भिंतीशेजारच्या कपाटापेक्षा आजींची कोरडी खोली बरी, मात्र लेखी कबुलीनं. तसं पत्र झालं: मालकी संस्थेची, सांभाळ या घराचा, अभ्यासाला कुणी मागितलं तर दाखवायचं. सह्या झाल्या. एक प्रत काकांना द्यायला आम्ही दोघं पुन्हा गेलो.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. मग उठले, कपाटातून ती दाखल नोंदवही काढली, ४१२ चं पान उघडलं. मी "काका, पेन्सिल आहे माझ्याकडं" म्हणेपर्यंत त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं होतं. १९३४ च्या शेऱ्याखाली, अजिबात न थरथरणाऱ्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'आढळलें', आणि पुढं त्या दिवसाची तारीख टाकली.